गुळाच्या तुलेपासून वजनकाट्यापर्यंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पाच वर्षांचा असताना माझी गुळाने तुला झाली. साल १९६३. दत्तजयंतीची यात्रा भरलेली, तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार फुललेला आणि आमच्या सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या देवळासमोर लोखंडी साखळ्यांचा तराजू टांगलेला. एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या. जन्मल्यापासून मी आजारी, हाडांचा सापळा. आईने नवस केला होता की पोर जगलं, अंगाने भरलं, तर त्याच्या भारंभार गूळ वाटीन. ती तुला मला अंधुक आठवते. स्पष्ट आठवते ती आईची घालमेल. तराजूवाल्याने अजून एक भेली टाकली की तिचा चेहरा उजळायचा. गूळ जितका जास्त लागेल तितका तिला आनंद. खर्च वाढतोय याचं तिला काही नव्हतं.

त्यानंतर साठ वर्षांनी शहाद्याच्या एका दवाखान्यात मी पुन्हा काट्यावर उभा राहिलो. काटा अठ्ठ्याऐंशी किलोवर थांबला. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला, साखरेच्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, "सर, बारा किलो उतरवा. नाहीतर पुढच्या वर्षी आपण इन्सुलिनवर बोलू." सोबत एक तक्ता दिला. दिवसाला दीड हजार उष्मांक.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे संकट आलं की आधी कुणावर आलं होतं, हे शोधायची खोड. भुकेचं काय करायचं, मन कसं टिकवायचं, हा प्रश्न माझ्या आधी हजारोंना पडला असणार. पण कागदपत्रं चाळू लागलो तसं लक्षात आलं, की आपल्या इतिहासात वजन कमी करण्याची इच्छा सापडणं महाकठीण. 'खात्यापित्या घरचा', 'अंगाने भरलेला', 'बाळसं धरलं', हे सगळे आपले कौतुकाचे शब्द. बारीक माणसाला आपण 'वाळला' म्हणतो, जसं झाड वाळतं.

तुलेचंच पाहा. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांची सुवर्णतुला झाली. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता. त्याने सोळा हजार होनांच्या आसपास सोनं लागल्याची नोंद केली. होन साधारण साडेतीन ग्रॅमचा धरला तर हिशेब पंचावन्न किलोंच्या जवळपास येतो. हिशेब ढोबळ आहे, पण घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला शोभणारा आहे. त्याच मुक्कामातली एक गंमत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवली आहे. गडाखालचा एक म्हातारा खाटीक धापा टाकत गड चढून आला. कशासाठी? तर या इंग्रजांना एकदा डोळे भरून पाहायला. या मूठभर पाहुण्यांनी थोड्या दिवसांत जेवढं मांस खाल्लं, तेवढं त्याने आधीच्या कित्येक वर्षांत विकलं नव्हतं! हा प्रसंग वर्गात सांगितला की मुलं हसायची. आता मात्र मला त्या खाटकापेक्षा त्या पाहुण्यांबद्दलच जास्त जवळीक वाटते.

वजन उतरवण्याच्या आधुनिक खटाटोपाची सुरुवात बहुतेक जण १८६३ पासून धरतात. म्हणजे माझ्या तुलेच्या बरोबर शंभर वर्षं आधी. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा, राजघराण्यापर्यंत पोचलेला. वय सहासष्ट, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. त्यांना स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नसत आणि जिना उतरायचा तर पाठमोरं उतरावं लागे. उपाशी राहून पाहिलं, व्यायाम केला, घाम काढणाऱ्या अंघोळी केल्या, काही फरक नाही. शेवटी हार्वे नावाच्या डॉक्टरांनी त्यांचा पाव, साखर, बटाटा आणि बिअर बंद केली. वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंगनी मग स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापून वाटली. ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणं' असं क्रियापदच झालं. मीही त्या वेळी सहासष्टचाच. नाड्यांची अडचणही तीच. फक्त मी चप्पल वापरत असल्याने ती कुणाला दिसत नव्हती.

पण बँटिंग वाचून मला समाधान झालं नाही. त्या गृहस्थांना भुकेने फारसा त्रास दिलेला दिसत नाही. मला देत होती. दुपारी चार वाजले की पोटात असं काही उठायचं की हातातलं पुस्तक वाचताना ओळी पुसट व्हायच्या. आणि ती नुसती भूक नव्हती. तिच्यात भीती होती. पोटभर जेवून उठलेल्या, पेन्शन घेणाऱ्या माणसाला कसली भीती?

तिचा माग काढत मी १९७२ मध्ये जाऊन पोचलो. त्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आमच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन, ती नुसती भेगाळून पडलेली. आई आणि मोठा भाऊ खडी फोडायच्या कामावर जायचे. राज्य सरकारने दुष्काळी कामं काढली होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्याच काळात आमच्या तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने श्रमिक संघटना उभी राहिली, भिल्ल मजूर मजुरीसाठी आणि जमिनीसाठी बोलू लागला. हे सगळं मी नंतर शिकलो. तेव्हा मला माहीत होती ती सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. आई ती पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायला सांगायची आणि वर बजावायची, "ताटमा काही सोडानं नही." ताटात काही सोडायचं नाही.

श्रोतेहो, मी तेव्हापासून आजपर्यंत ताटात काही सोडलेलं नाही. नातवाने उरवलेली अर्धी पोळी, सुनेने काढून ठेवलेला भात, लग्नातल्या पंगतीत वाढप्याने न विचारता टाकलेली जिलेबी, सगळं माझ्याच पोटात. आमची ही तर सरळ म्हणते, "तुम्ही घरातला उकिरडा झालात." तिचं चुकत नाही. माझ्या अठ्ठ्याऐंशी किलोंपैकी निदान दहा किलो तरी बहात्तरच्या दुष्काळाचे असावेत.

मग मी दुष्काळांच्या कागदांकडे वळलो. माझे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळाला 'छप्पनचा काळ' म्हणायचे, संवत १९५६ म्हणून. त्याआधीचा मोठा दुष्काळ १८७६ ते ७८ चा. त्याने खानदेशापेक्षा सोलापूर, कलादगी हे भाग जास्त पोळले. त्या दुष्काळात सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना मदतकार्यावर देखरेखीला नेमलं. टेंपल साहेबांचा सगळा भर काटकसरीवर. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी ठरवलं, की खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, वर एक आणा. बस. याला 'टेंपल मजुरी' म्हणत. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराने काम करायला नकार दिला आणि हजारोंच्या संख्येने ते कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश यांनी तर उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं, एवढ्यावर कष्ट करणारा माणूस झिजून मरेल. मद्रास सरकारने काही महिन्यांतच तो दर वाढवला.

आता एक पौंड तांदळाचे उष्मांक काढा. साधारण सोळाशे. मी वहीत हा आकडा लिहिला आणि शेजारी डॉक्टरांनी दिलेला तक्ता ठेवला. दीड हजार.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या शिध्यावर माणसं दिवसभर खडी फोडत मेली, त्याहून शंभर उष्मांक कमी मी ऐच्छिक खाणार, वर ते खाण्यासाठी तपासणीचे पैसेही भरणार. फरक अर्थात मोठा आहे. त्या मजुराच्या अंगावर चरबीचा साठा नव्हता आणि समोर दहा तासांचे कष्ट होते. माझ्याकडे दोन्ही गोष्टी उलट. पण पोटाला हा फरक कळत नाही. पोट इतिहास वाचत नाही. त्याला वाटतं, दुष्काळ आला.

हे माझं कवित्व नाही. याचा रीतसर प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुण निवडले. हे सगळे तत्त्वापोटी युद्धावर जायला नकार दिलेले, पण देशाची काहीतरी सेवा करू इच्छिणारे. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे समजून घेण्यासाठी ते स्वतः अर्धपोटी राहिले. सहा महिने, दिवसाला सरासरी १,५७० उष्मांक, आणि आठवड्याला बावीस मैल चालणं. त्यांचं जवळपास एक चतुर्थांश वजन उतरलं. मन मात्र त्याआधीच उतरलं. धडधाकट, शिकलेली मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. चोरून खाणाऱ्यांमुळे शेवटी नियम करावा लागला की बाहेर जायचं तर जोडीदार घेऊनच जायचं.

हा जोडीदाराचा नियम मी वहीत दोनदा अधोरेखित केला. त्याकडे पुढे येतो.

तोवर माझा स्वतःचा पहिला प्रयोग सपशेल फसला होता. मी विचार केला, आपल्या परंपरेत उपवास आहेच की. सोमवार आणि गुरुवार धरले. दीड महिन्याने काट्यावर उभा राहिलो तर अठ्ठ्याऐंशीचे साडेएकोणनव्वद! कारण सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट, तळलेली बटाट्याची पापडी, वर राजगिऱ्याचा लाडू. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण करणाऱ्याने माझंच ताट पाहिलं असावं.

यातली ऐतिहासिक गंमत पाहा. आपण जो 'सनातन' उपवासाचा फराळ म्हणतो, त्यातला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची हे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीज इथे येण्याआधी महाराष्ट्रातल्या एकाही एकादशीला ते ठाऊक नव्हते. आणि साबुदाणा? तो ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, म्हणजे कसावा, हासुद्धा दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० च्या दशकात. म्हणजे आपला साबुदाणा देशाच्या स्वातंत्र्याच्या मागेपुढेच घराघरात शिरला. धर्मशास्त्राने ज्या धान्याला मनाई केली, ते यादीत नाही एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर त्याला प्रवेश मिळाला. वकिली बुद्धीचा हा सगळ्यात चविष्ट विजय म्हणायला हरकत नाही.

मूळ व्रतं तशी नव्हती. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा ग्रंथ रचला. त्यातला व्रतखंड म्हणजे व्रतांचं कोठार. आपल्या काळात भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या व्रतांचा सविस्तर परामर्श घेतला. त्यात एकभुक्त आहे, म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. नक्त आहे, म्हणजे दिवसभर काही नाही, रात्रीच जेवायचं. अयाचित आहे: कुणाकडे मागायचं नाही, न मागता मिळेल तेवढंच खायचं. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे आणि घटवायचे. घास मोजायची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे! त्यांचा उद्देश पुण्य मिळवण्याचा किंवा पाप धुण्याचा. कंबर कमी करण्याचा नव्हे. पण भूक कशी सांभाळायची याचं बारीक ज्ञान त्यात भरलेलं आहे. आधी संकल्प करायचा, तोही चारचौघांत, मोठ्याने. व्रताला सुरुवात आणि शेवट ठरलेला. पारणं कधी, हे आधीच माहीत. सोबतीला बाया जमायच्या, कहाणी व्हायची. घेतला वसा टाकायचा नाही, हा धाक देवाचा कमी आणि शेजारणींचा जास्त. आमच्या गल्लीत चातुर्मास धरणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्या होत्या. त्यातली एकटी राहून उपास करणारी मला एकही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मला धुळ्याने शिकवली. सारंगखेडा तेव्हा पश्चिम खानदेशात. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आमचं सरकार दरबार, कोर्ट, तुरुंग सगळं धुळ्यालाच. त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. मी पुस्तक अनेकदा वाचलं होतं, पण सहाव्या अध्यायावरचं प्रवचन, म्हणजे २७ मार्चच्या रविवारचं, मला नव्याने वाचावंसं वाटलं. विनोबा तिथे जीवनाच्या परिमिततेबद्दल बोलतात. औषध आपण जसं मोजून घेतो, तसा आहार आणि झोपही मोजून असावी, असा त्यांचा रोख. समोर बसलेले कोण? सरकारच्या मापाने मोजून भाकरी मिळणारे कैदी. ज्यांना कमी मिळतं त्यांच्यापुढे मोजून खाण्याबद्दल बोलायचं, हे धाडसाचं होतं. पण बोलणारा स्वतः त्याच तुरुंगात होता. म्हणून ऐकून घेतलं गेलं असणार.

तुरुंगातल्या घंटेचं मात्र आता शास्त्रीय समर्थन मिळतं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरातून निघतं आणि मेंदूला सांगतं, भूक लागली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की रोजच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की ते वाढतं आणि काही वेळाने, जेवलं नाही तरी, उतरतंही. म्हणजे माझी चारची भूक ही पोट रिकामं झाल्याची खूण नव्हती. चाळीस वर्षं शाळेतून आल्यावर चार वाजता चहा आणि शेव खाल्ली, त्याची ती घंटा होती. घंटा वाजते आणि थांबते. ती थांबेपर्यंत काय करायचं एवढाच प्रश्न.

आपल्याकडे अलीकडे या प्रश्नावर दोन पंथ झाले, ते तुम्हाला ठाऊक असतीलच. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, वीस पदव्या मिळवलेले ते प्रसिद्ध गृहस्थ, व्याख्यानांतून सांगत की वारंवार खाऊ नका, इन्सुलिनला उसंत द्या. २००४ मध्ये अपघातात ते गेले. त्यांच्या विचाराच्या आधाराने डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगाव नेली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं थोडं थोडं, वेळेवर, आपलं घरचं अन्न खा. २०१८ च्या सुमारास यावर एवढा वाद रंगला की लग्नाच्या पंगतीत लोक 'तुम्ही कोणाकडचे?' हे वधूवरांबद्दल नव्हे तर आहाराबद्दल विचारू लागले. २०२५ च्या मार्चपासून तर आपल्या देशात भूकच कमी करणारं मौंजारो हे इंजेक्शनही मिळू लागलं. ते घ्यावं की नाही, हे डॉक्टर आणि रुग्णाने ठरवायचं. इतिहासाच्या शिक्षकाला त्या दोन पंथांत मात्र साम्यच जास्त दिसतं. दोन्हीकडे नियम आहे, वेळ आहे आणि पाळणाऱ्यांची मंडळी आहे. दोनदा जेवणं हे एकभुक्ताचं थोरलं भावंड. मी माझ्या डॉक्टरांना विचारून तीनदा जेवायचं ठरवलं. साखरेच्या गोळ्या चालू असताना मनाने उपास धरू नका, हे त्यांनी दरडावून सांगितलं होतं. तुमच्यापैकी कुणी गोळ्या घेत असेल तर हे वाक्य माझ्या वतीने परत ऐका.

मग मी जोडीदार शोधले. दोन मिळाले. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक कापसाचा जुना व्यापारी. तिघांची मिळून वजनं दोनशे साठ किलो. दर रविवारी सकाळी व्यापाऱ्याच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर आम्ही पाळीपाळीने उभे राहतो आणि त्याचा मुनीम वहीत आकडे टाकतो. वहीच्या त्या पानावर वर हरभरा, खाली तूर आणि मध्ये आम्ही. पोस्टमास्तर म्हणतात, निदान भाव तरी लिहा.

चारची घंटा वाजली की आम्ही तापीच्या पुलाकडे चालायला लागतो. बॅरेज झाल्यापासून पाणी भरलेलं असतं, वारा असतो. पुलापर्यंत जाऊन परत यायला पाऊण तास लागतो. तोवर घंटा थांबलेली असते. नाहीच थांबली तर ग्लासभर ताक. जेवणात काय बदललं विचाराल तर फार नाही. दादरची किंवा कळण्याची भाकरी तीनऐवजी दीड, आणि वांग्याचं भरीत, मेथी, पोकळा, उसळ भरपूर. भरिताला तेल बेताचं. खानदेशी माणसाला हे वाक्य बोलताना किती यातना होतात हे बाहेरच्याला समजणार नाही. शेवभाजी महिन्यातून एकदा.

अवघड होतं ते ताट. पहिल्यांदा भाताचे चार घास सोडून उठलो तेव्हा माझा हात अक्षरशः थरथरला. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यावर तोडगा हिने काढला. "सोडायचंच नाही ना? मग आधीच कमी वाढून घ्या." इतकं साधं. आता मी छोटी ताटली घेतो, एकदाच वाढून घेतो आणि ती चाटूनपुसून साफ करतो. आईचा शब्दही मोडत नाही.

मधे दोनदा घसरलो. भाचीच्या लग्नात खापरावरचे मांडे होते. आमरसात बुडवून किती खाल्ले ते मुनिमाच्या वहीत आहे: एका आठवड्यात एक किलो आठशे. दोन रविवार मी दुकानाकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या रविवारी दोघे घरी आले, काही न बोलता ओट्यावर बसले. मला चप्पल घालावीच लागली.

एवढं सगळं सांगताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझी पुतणी धडगाव भागात अंगणवाडीचं काम पाहते. महाराष्ट्रात कमी वजनाच्या मुलांचा विषय निघाला की आमचा नंदुरबार जिल्हा सतत वरच्या नंबरात असतो. तिच्याकडेही काटा आहे, आणि दंडाभोवती गुंडाळायची रंगीत पट्टी आहे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की लाल. गेल्या पावसाळ्यात ती घरी आली तेव्हा मी मोठ्या फुशारकीने सांगितलं, "सहा महिन्यांत नऊ किलो." ती म्हणाली, "काका, माझ्याकडे दीड वर्षाची एक पोर आहे. तिचं अख्खं वजन तेवढं नाही. तीन महिन्यांत दोनशे ग्रॅम वाढावं म्हणून आम्ही तिच्या आईच्या मागे लागलोय." मग ती जेवायला बसली. तिला भूक लागली होती. सातपुड्यातून दिवसभराचा प्रवास करून आली होती. मी तिला वाढत राहिलो आणि माझ्या आईसारखंच आणखी एक भाकरी घे, आणखी एक घे, म्हणत राहिलो.

मागच्या दत्तजयंतीला नातवाची तुला होती. सुनेने नवस केला होता, बाळंतपण अवघड गेलं म्हणून. तोच घाट, तशाच भेल्या. यात्रेत माणूस मावत नव्हता, पलीकडे घोडे फुरफुरत होते. नातू साडेअकरा किलोंचा भरला. तराजूवाला माझ्या ओळखीचा, त्याच्या बापाने माझी तुला केली होती. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सर, वाळलात तुम्ही. बसा, तुमचीबी करू."

मी म्हटलं, "माझा नवस वजन उतरण्याचा आहे. आत्ता फेडला तर गूळ फार लागेल. अजून तीन किलो थांब."